जोडताऱ्यांचा मोजणीदार : विल्यम हर्शल

आपल्या पंचांगात ‘हर्शल’ नावाचा ग्रह असतो. ज्याच्यावरून हे नाव पडले तो विल्यम हर्शल मूळचा एका बँडवाल्याचा मुलगा. १७३८ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे त्याचा जन्म झाला. तरुणपणी तोही पलटणीच्या बँडमध्ये होता. १७५७ मध्ये तो इंग्लंडला गेला व पुढे बाथ येथे ऑर्गन वाजवून, शिकवण्या करून पोट भरू लागला.

दिवसा संगीत आणि रात्री आकाश, असा त्याचा क्रम होता. दुर्बिणीचे आरसे तो स्वतः घाशी. काम मध्येच सोडता येत नसे. तेव्हा बहीण कॅरोलीन त्याला घास भरवी. अशाच घरच्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस, म्हणजे आपला ‘हर्शल’, सापडला.

परंतु तो शोधत होता वेगळेच. जोडताऱ्यांतील तेजस्वी तारा जवळचा व मंद तारा दूरचा, असे त्याने गृहीत धरले होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसेल आणि त्यावरून अंतर काढता येईल, ही आशा. १७८२ व १७८५ मध्ये मिळून त्याने ७०३ जोड्यांची यादी दिली. इतक्या जोड्या केवळ योगायोगाने दिसणे संभवत नाही, असे जॉन मिचेलने १७६७ मध्येच गणिताने दाखविले होते. सुमारे वीस वर्षांनी हर्शलने पुन्हा मोजमापे घेतली, तर पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टरचे दोन तारे परस्परांभोवती फिरताना आढळले! आपले गृहीत आपल्याच आकड्यांनी मोडले, हे त्याने १८०३ मध्ये जाहीर केले.

त्याआधी, १८०० साली, साध्या तापमापकाने त्याने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोधले होते. १८२२ मध्ये तो निवर्तला.

जोडतारे आणि अदृश्य किरण या त्याच्या दोन्ही वाटा आज एकत्र आल्या आहेत. वृषभ राशीत डीक्यू टाउरी ही कोवळ्या ताऱ्यांची जोडी आहे. सुमारे १६ दिवसांनी हे तारे एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्यांची चुंबकीय क्षेत्रे गुंततात आणि रेडिओ लहरींचा भडका उडतो. एप्रिल २००८ मध्ये असा भडका नोंदला गेला. मग रेडिओ दुर्बिणीला कोवळे जोडतारेच अधिक सापडतात काय? एका उदाहरणावरून होकार देण्याचा मोह होतो. पण भडकणारी जोडी चटकन नजरेत भरते, शांत जोडी निसटते. शिवाय जोडीतला कोणताही एक तारा दिसला तरी ती जोडी सापडल्यातच जमा होते. म्हणून एकटे व जोडीचे, दिसलेले व न दिसलेले, सारेच मोजावे लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत मनाजोगता आकडा लिहिण्याचा मोह झाला, तर हर्शलची ती दुसरी मोजणी आठवावी.