विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स

विल्यम चार्ल्स फ्रेडरिक ग्रोव्हर-विल्यम्स (१६ जानेवारी, १९०३:मोंत्रूज, फ्रान्स - मार्च, १९४५:साक्सेनहाउझेन, जर्मनी) हे दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळातील मोटारशर्यतपटू आणि दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश गुप्तहेर होते. १९२९ साली झालेली पहिली मोनॅको ग्रांप्री त्यांनी जिंकली. शर्यतींमध्ये ते डब्ल्यू. विल्यम्स या नावाने उतरत. जोडनाव म्हणून ग्रोव्हर-विल्यम्स पुढे रूढ झाले.

सुरुवातीचे जीवन

ग्रोव्हर यांचे वडील इंग्लिश, तर आई फ्रेंच होती. त्यामुळे दोन्ही भाषा त्यांना मातृभाषेसारख्याच येत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. युद्धानंतर कुटुंब मोनॅकोत राहावयास गेले व तेथेच ते मोटार चालवण्यास शिकले.

यानंतर ते आयरिश चित्रकार विल्यम ऑर्पेन यांच्याकडे चालक म्हणून नोकरीस लागले. ऑर्पेन यांची रोल्स-रॉईस ते चालवत. ऑर्पेन यांची प्रेयसी व अनेक चित्रांची मॉडेल इव्होन ओपिक हिच्याशी त्यांची येथेच ओळख झाली आणि नोव्हेंबर १९२९मध्ये दोघांनी विवाह केला. ऑर्पेन हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने नेमलेले युद्धचित्रकार होते. १९१८मध्ये इव्होनचे व्यक्तिचित्र काढून त्यांनी त्यास हेर असे शीर्षक दिले आणि ही स्त्री फ्रेंचांनी गोळ्या घातलेली जर्मन हेर असल्याची कथा रचली. लष्करी अधिकाऱ्यांनी जाब विचारल्यावर कथा खोटी असल्याचे उघड झाले व चित्राचे नाव बदलून निर्वासित असे करण्यात आले. पंचवीस वर्षांनी त्याच स्त्रीचा पती हेर म्हणून पकडला गेला, तेव्हा मात्र त्यात काही रचलेले नव्हते.

शर्यतीतील कारकीर्द

१९२०च्या दशकाच्या मध्यास ग्रोव्हर शर्यतींमध्ये उतरू लागले. घरच्यांना कळू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, असे सांगितले जाते. १९२८ आणि १९२९ अशी सलग दोन वर्षे त्यांनी फ्रेंच ग्रांप्री जिंकली. १९३१मध्ये काबेर्तो कोनेल्ली यांच्या साथीने त्यांनी स्पा येथील दहा तासांची बेल्जियन ग्रांप्री जिंकली.

पहिली मोनॅको ग्रांप्री

मोनॅकोच्या मोटार क्लबास आंतरराष्ट्रीय संघटनेची पूर्ण मान्यता हवी होती. क्लबची माँटे कार्लो रॅली प्रामुख्याने इतर देशांच्या रस्त्यांवर होत असल्याने ती नाकारण्यात आली. दोन चौरस किलोमीटर क्षेत्रफळही नसलेल्या या देशात शर्यत घ्यायची तर ती भर शहरातूनच घ्यावी लागणार होती. आंतोनी नोगेस यांनी बंदर, कॅसिनो आणि बोगदा यांना जोडणारा सुमारे ३.१८ किलोमीटरचा मार्ग आखला. या मार्गावर ट्रामचे रूळ होते, तीव्र चढ-उतार होते आणि चूक झाल्यास गाडीस बाहेर जाण्यासाठी मोकळी जागा जवळजवळ कोठेच नव्हती.

१४ एप्रिल, १९२९ रोजी १६ गाड्या १०० फेऱ्यांसाठी सज्ज झाल्या. आरंभीचे स्थान वेळेनुसार नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. मोनॅकोचे स्वतःचे चालक लुई शिरों अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० शर्यतीत भाग घेणार असल्याने येथे नव्हते. विल्यम्स यांची बुगाटी ३५बी ब्रिटिशांच्या हिरव्या रंगाची होती. खरा प्रतिस्पर्धी ठरले ते रुडॉल्फ काराचिओला. सात लिटरहून मोठ्या इंजिनाची त्यांची पांढरी मर्सिडीज या अरुंद रस्त्यांसाठी अगदीच अवजड होती, तरी मागच्या रांगेतून निघून त्यांनी विल्यम्स यांना गाठले व काही काळ आघाडीही घेतली. मात्र इंधन भरणे व टायर बदलणे यांत मर्सिडीजची चार मिनिटांहून अधिक वेळ गेली आणि शर्यतीचा निकाल तेथेच लागला. विल्यम्स यांनी ३ तास ५६ मिनिटांत, ताशी सुमारे ८० किलोमीटरच्या सरासरी वेगाने शर्यत पूर्ण केली. दुसरा क्रमांक बुगाटीच्याच ज्यॉर्ज बुरियानो यांना मिळाला, तर काराचिओला तिसरे आले.

भित्तिपत्रके

या शर्यतीची ख्याती दूरवर पसरवण्यात भित्तिपत्रकांचा मोठा वाटा आहे. १९३० ते १९३२ या वर्षांची भित्तिपत्रके रोबेर फाल्कुची यांनी काढली व १९३३पासून हे काम जेओ हॅम यांच्याकडे आले. संग्राहकांमध्ये आज त्यांना मोठी मागणी आहे. या शैलीत गाडी आणि तिचा वेग हाच खरा विषय असतो. चालक म्हणजे चाकावर झुकलेली, गॉगल लावलेली एक आकृती. टोपणनावाने धावणाऱ्या पहिल्या विजेत्याच्या शर्यतीस ही शैली शोभणारीच होती.

दुसरे महायुद्ध

१९४०मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर ग्रोव्हर-विल्यम्स इंग्लंडला गेले व ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. अस्खलित फ्रेंचमुळे स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेने त्यांची निवड केली. मे १९४२मध्ये त्यांना पॅराशूटने फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. पॅरिसच्या परिसरात त्यांनी चेस्टनट हे जाळे उभारले. त्यासाठी ते जुन्या प्रतिस्पर्ध्यांकडेच वळले: रोबेर बेन्वा आणि ज्याँ-पियेर विमिय हे दोघेही बुगाटीचे चालक होते. विमानांतून टाकलेली शस्त्रे गोळा करून लपवणे, हे या जाळ्याचे मुख्य काम होते.

जाळ्याचा रेडिओचालक पकडला गेल्यानंतर २ ऑगस्ट, १९४३ रोजी ओफार्जी येथील बेन्वा कुटुंबाच्या वाड्यात ग्रोव्हर-विल्यम्स यांना अटक झाली. पॅरिसमधील चौकशीनंतर त्यांना जर्मनीस नेण्यात आले व साक्सेनहाउझेन छळछावणीत एकांतवासात ठेवण्यात आले. मार्च १९४५मध्ये, युद्ध संपण्यास जेमतेम दोन महिने उरले असताना, त्यांना ठार मारण्यात आले. बेन्वा यांना सप्टेंबर १९४४मध्येच बुखेनवाल्ड येथे मृत्युदंड देण्यात आला होता. विमिय बचावले, परंतु १९४९मध्ये ब्युनोस आयर्स येथे सरावादरम्यान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

ग्रोव्हर-विल्यम्स युद्धातून वाचले व नाव बदलून फ्रान्समध्ये राहिले, असा दावाही पुढे करण्यात आला. त्यास विश्वसनीय पुरावा मिळालेला नाही.

स्मारके

फ्रान्समधील व्हालांसे येथील स्मारकावर संघटनेच्या इतर मृत हेरांसोबत त्यांचे नाव कोरलेले आहे. मोनॅकोत शर्यतीच्या मार्गावरील सांत देव्होत या पहिल्या वळणाजवळ बुगाटीत बसलेल्या ग्रोव्हर-विल्यम्स यांचे ब्राँझ शिल्प आहे.