आजचे मनन : ‘पाखद’, रात्रीचे भय आणि पंडिता रमाबाई

वाचन : स्तोत्र ९१:५, उत्पत्ती ३१:४२, ५३, होशेय ३:५



आज एका हिब्रू शब्दावर मनन करू या : पाखद. अंगाला थरकाप सुटतो, हातपाय गार पडतात, असा धसका. स्तोत्र ९१ मधल्या रात्रीच्या भयासाठी हाच शब्द आहे. आमच्या कुहीतून नागपूर-पुण्याला शिकायला, नोकरीला गेलेल्या कितीतरी मुलामुलींना ही रात्र ठाऊक आहे. रूममेट गाढ झोपलेला, मोबाईल कधीच बाजूला ठेवलेला, पण छातीतली धडधड काही थांबत नाही. मग मनात येतं, मी इतका भितो म्हणजे माझा विश्वासच कमी आहे का?

यासाठी रमाबाईंचं जीवन बघा.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष झाला, तेव्हा ते तिला घेऊन गंगामूळच्या रानात राहायला गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या देत होता. ती लहानशी नवरी पासोडीत गुरफटून उजाडेपर्यंत थरथरत पडली, आणि शास्त्रीबुवा रात्रभर जागून पहारा देत बसले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली.

पुढे दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण एकामागून एक गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. पंजाबच्या थंडीत पांघरूण नाही, म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे करून अंगावर वाळू ओढून झोपले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. पण १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारीही गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला, वाँटेजच्या धर्मभगिनींकडे गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. इथे आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील, या भीतीने तिचं मन पार ढासळलं. एका रात्री तिने रमाबाईंचा गळा दाबायचा प्रयत्न केला आणि नंतर स्वतःचं जीवन संपवलं. विचार करा, भीती माणसाला कुठवर नेते!

रमाबाईंनी तर धसकाच घेतला. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी राहायला गेल्या, तेव्हा रोज रात्री त्यांच्या खोलीत एक मोलकरीण झोपवावी लागे. कानांनी कमी ऐकू येऊ लागलं, डॉक्टर होण्याचं स्वप्न सुटलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच या रमाबाई. भ्यायल्या म्हणून देवाने त्यांना बाजूला सारलं नाही.

११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला नागपूर जिल्हा, आपलं कुही, सगळं तेव्हा याच प्रांतात होतं. उपाशी, निराधार मुली पाहून त्यांना आपलाच दुष्काळ आठवला. ज्या आठवणीने कोणीही तोंड फिरवलं असतं, तिच्याकडे त्या चालत गेल्या आणि मुलींना घेऊन केडगावला आल्या. तिथेच ‘मुक्ती’ उभी राहिली.

शेवटची अनेक वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत पूर्ण बायबल उतरवलं. जुना करार मुळातून वाचताना ‘पाखद’ त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा आला असेल. याकोब तर देवालाच ‘इसहाकाचा पाखद’ म्हणतो. आणि होशेय म्हणतो की, इस्राएल लोक शेवटी थरथरत परमेश्वराकडे येतील. तिथे याच धातूचं क्रियापद आहे, आणि सोबत ‘कडे’ असा दिशा दाखवणारा शब्द आहे. थरकाप तोच असतो. तो आपल्याला कुणीकडे नेतो, हे बघायचं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी आईने उरलेलं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी ती प्रभूकडे गेली. छापलेलं पूर्ण बायबल १९२४ मध्ये लोकांच्या हाती आलं.

तेव्हा आज रात्री धडधड झाली, तर स्वतःला दोष देऊ नका. आहात तसे, थरथरतच, त्याच्याकडे या. आणि घरातल्या किंवा मंडळीतल्या एका माणसाला सांगा. रमाबाईंच्या खोलीतही कोणीतरी सोबतीला झोपत होतं. त्यात लाज कसली?

प्रार्थना : हे प्रभो, रानातल्या त्या रात्री बाप जागा होता, तसा तू आमच्यासाठी जागा राहा. आमचं भय तुझ्याकडे वळव. आमेन.