चुकीची दाढ उपटू नका, असं बजावणारे हकीम : अल-जहरावी

वर्गात कधी कधी एखादं मूल गाल धरून बसलेलं दिसतं. बेटा, कोणती दाढ दुखतेय, असं आम्ही विचारतो. ते आधी वरची दाखवतं, थोड्या वेळाने खालची. आम्हाला वाटायचं, घरी जायचा बहाणा आहे. पण हजार वर्षांपूर्वीच्या एका हकिमांबद्दल वाचलं आणि चूक मुलाची नाही, आमची होती हे कळलं.

अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-जहरावी हे त्यांचं नाव. जन्म 936 च्या सुमाराचा, अंदलुसमधला, म्हणजे आजच्या स्पेनमधला. कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज्जहरा या राजनगरीचे, म्हणून जहरावी. आयुष्यभराच्या अनुभवातून त्यांनी इ.स. 1000 च्या सुमारास ‘किताबुत तसरीफ’ हा 30 भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे 200 हत्यारांची चित्रं आहेत. दातांवरची घाण खरवडण्याची हत्यारं आहेत, हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची रीतही आहे. चांदी काही दिवसांत हिरवी पडते, सोनं तसंच राहतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

दात काढण्याबद्दल मात्र ते फार सावध होते. आधी सगळे उपाय करून पाहा, काढायची घाई करू नका, असं ते सांगत. काढायचाच असेल, तर दुखणारा दात नेमका कोणता याची खात्री करा. कारण दुखण्यामुळे रोगी स्वतःच फसतो, चांगला दात दाखवतो, तो काढला जातो आणि ठणका तसाच राहतो. हज्जामांच्या हातून असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. अडाणीपणाने दात मोडून मुळं आत ठेवणाऱ्यांवरही त्यांचा राग होता.

औषधाने दुखणं थांबलं नाही तर ते दाताला डाग देत. तोंड भाजू नये म्हणून दातावर नळी ठेवायची आणि तिच्यातून तापलेलं हत्यार आत घालायचं. याला रूट कॅनाल म्हणता येणार नाही. दातात खराच किडा असतो, ही त्या काळची समजूत त्यांच्या ग्रंथातही आहे. पण दात वाचवायची धडपड तीच होती.

रोगी का फसतो, हे आज आपल्याला माहीत आहे. दाताच्या आत नसांचा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो, त्याला पल्प म्हणतात. दुखणं कळवणाऱ्या नसा त्यात असतात, पण जागा नेमकी सांगण्याची सोय नसते. म्हणून खालच्या दाढेचा ठणका वरच्या दाढेत किंवा कानातही जाणवतो. सूज मुळाच्या टोकाबाहेर पोचली, की मग चावताना नेमका दात कळतो.

म्हणून डॉक्टर थंड लावून बघतात, दातावर हलकेच ठोकतात, एक्स-रे काढतात. थंड काढताच कळ लगेच थांबली, तर बहुतेक वेळा कीड साफ करून दात भरला की भागतं. कळ बराच वेळ रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर पल्प वाचणं कठीण. तेव्हा रूट कॅनाल करतात : दात बधिर करून पल्प काढायचा, मुळातल्या नळ्या धुवून साफ करायच्या, घट्ट भरायच्या. दाढेवर नंतर बहुधा कॅप बसवतात.

एक धोका लक्षात ठेवा. पल्प मेला की दुखणं एकदम थांबतं. आपण म्हणतो, चला, बरं झालं. पण आत जंतू वाढतच असतात आणि पुढे गळू होतं. गोळीने दबलेलं दुखणंही बरं झालेलं नसतं.

जहरावींचं निधन 1013 च्या सुमारास झालं. पुढे बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपात तो कित्येक शतकं वाचला गेला.

आपल्या घरात अजूनही कुणी वैतागून म्हणतं, काढून टाका ती दाढ, कटकट मिटेल. तेव्हा एवढं तरी विचारूया : दुखतेय ती हीच दाढ कशावरून, आणि ती वाचू शकते का? मोठेपणी काढलेली दाढ परत येत नाही. आणि आम्हीही आता गाल धरलेल्या मुलाला बहाणेबाज म्हणत नाही, त्याच्या घरी फोन करतो.