लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना किर्लोस्करांनी गिऱ्हाईक कसं केलं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीत कुणी नवीन दुकान टाकलं, की पहिला सल्ला मिळतो तो इन्स्टाग्रामवर पेज काढायचा. दुसरा सल्ला रील टाकायचा. पेज निघतं, व्ह्यूज येतात, पण गल्ल्यावर माशाच. मग सगळा दोष अल्गोरिदमला.

याच नेसरीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर बेळगाव आहे. तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने असा माल बनवला होता, जो गिऱ्हाइकाला फुकट दिला तरी नको होता. त्या माणसाचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा माल होता लोखंडी नांगर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, पण चित्रं आणि यंत्रं या दोन गोष्टींचं जबरदस्त वेड. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. मग त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग काढायला घेतली, कारण तिथे रंग लागत नाहीत. त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवायला लागले.

नोकरी चालू असतानाच धंदा सुरू झाला, तोही सायकलचा. मुंबईत सायकली खरेदी करायच्या आणि बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे धाडायच्या. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात मोजतो ती याच दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून. आता सायकल विकण्यात एक मोठी अडचण होती. ती कुणाला चालवताच येत नव्हती! ज्याला चालवता येत नाही तो विकत कशाला घेईल? म्हणून किर्लोस्कर बंधू सायकल विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. शिकवणीचे पैसे वेगळे. म्हणजे गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून रडत बसण्याऐवजी गिऱ्हाईक तयार करायचं, आणि त्याचीही फी घ्यायची.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. ज्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

सायकलीनंतर त्यांनी हात घातला शेतीच्या अवजारांत. पहिलं यंत्र कडबा कापायचं, आपण ज्याला आज कडबाकुट्टी म्हणतो ते. हे यंत्र समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. अख्खी ताटं टाकली की जनावर पाला खातं आणि बुडखे सोडतं, कापून टाकलं की सगळं संपवतं. फायदा गोठ्यातच दिसतो.

नांगराचं तसं नव्हतं. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन नुसती चिरतो, लोखंडी नांगर खालची माती वर पलटतो आणि तणाची मुळं उपटून काढतो. तांत्रिकदृष्ट्या सवालच नव्हता. पण शेतकऱ्यांचं ठाम मत होतं की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, काळी आई नासते.

यात नुसती अंधश्रद्धा बघणं चूक ठरेल. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून द्यायचा. मोडला तर गावातच दुरुस्त व्हायचा. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर जायचं कुणाकडे? जमीन एकच, हंगाम वर्षातून एकदा. चूक झाली तर घर उपाशी. आजचं गिऱ्हाईक "बघू, सांगतो नंतर" म्हणतं, तेव्हा त्याच्याही पोटात बहुतेक वेळा अशीच एखादी भीती असते.

पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. बनवलेला माल पडून, पैसा अडकलेला. पण लक्ष्मणरावांनी नांगर सोडून दुसरं काही धरलं नाही, शेतकऱ्यांना पटवत राहिले. एकदा नांगर रानात उतरला की पुढचं काम सोपं होतं. पलटलेली माती शेजाऱ्याला बांधावरूनच दिसते, आणि पुढच्या हंगामात पीक आलं की विषाची गोष्ट आपोआप मागे पडते.

जम बसतोय तोच बेळगावची जागा सोडायची वेळ आली, नगरपालिकेला ती हवी होती. मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. लक्ष्मणराव औंधला यमाई देवीच्या सभामंडपाचं काम करत होते, त्यामुळे राजांनी त्यांचं काम पाहिलेलं होतं. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, कर्ज दिलं. जमीन म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. पण शेजारून रेल्वे जात होती! लोखंडासारखा जड माल आणायचा आणि गावोगाव धाडायचा तर स्टेशन दारात असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. १० मार्च १९१० ला तिथे कारखान्याची वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि विलायती नांगर येणं बंद झालं. मागणी वाढली, पण लोखंडच मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

आता जाहिरातीची गोष्ट. लक्ष्मणरावांचा पुतण्या शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, प्रसिद्धीचं काम बघायचा. त्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या मालाची माहिती, एजंट आणि गिऱ्हाइकांसाठीच्या बातम्या असायच्या. पण नुसती अवजारांची महती महिनोन्महिने कोण वाचणार? हळूहळू त्यात लेख आणि गोष्टी येऊ लागल्या, मग नावातली 'खबर' गळाली आणि 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. ज्यांनी आयुष्यात कधी नांगर धरला नाही अशा घरांतही हे नाव पोचलं. आज कंपन्या ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात, ते सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर शंभर वर्षांपूर्वी चालू होतं.

तोवर कारखान्यातून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं निघायला लागली होती, पाण्याचे पंपही आले. आधी नांगर घेतलेलं घरच पुढचं यंत्र घ्यायला यायचं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले, तेव्हा पुण्यात त्यांच्या घराण्याचा डिझेल इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू होऊन दहा वर्षं झाली होती.