सायकलला इंजिन जोडणारा लोहाराचा मुलगा

आमच्या बेळगावात सायकलच्या दुकानातून कारखानदारीकडे जाणारी वाट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथेच सायकलचे दुकान काढले होते. त्यांच्या नावाचा रस्ता आजही गावात आहे. जपानमधल्या हमामात्सु भागातला सोइचिरो होंडा याच वाटेने गेला. 'होंडा' हे नाव आपण दिवसातून दहा वेळा रस्त्यावर वाचतो, पण त्या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होता, आणि तो चांगलाच तापट होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून यंत्राइतकेच त्यातल्या जमाखर्चाकडेही माझे लक्ष गेले, हे आधीच सांगून ठेवतो.

१७ नोव्हेंबर १९०६ रोजी सोइचिरोचा जन्म झाला. वडील गिहेई लोहारकाम करीत आणि सायकलीही दुरुस्त करीत. आई मिका विणकाम करी. पोराचे शाळेत लक्ष नव्हते. प्रगतिपुस्तकावर घरच्या शिक्क्याची मोहोर लागे, तर या पठ्ठ्याने रबराचा तुकडा कोरून तसाच शिक्का तयार केला. पुढे मित्रांनाही त्याने शिक्के करून दिले आणि तिथेच तो सापडला. होंडा हे आडनाव त्यांच्या लिपीत उभे लिहिले तर उलटसुलट सारखेच दिसते. मित्रांच्या नावांचे तसे नव्हते, त्यामुळे ती उलटी उमटली!

१९२२ साली, पंधराव्या वर्षी, तो टोकियोतल्या 'आर्ट शोकाई' या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारी करायला गेला. सुरुवातीचे कित्येक महिने हाती पाना आलाच नाही, मालकाचे मूल सांभाळावे लागले. पण तो टिकला, काम शिकला, आणि १९२८ साली मालकाने त्याला हमामात्सुत शाखा काढून दिली. दुरुस्तीत पैसा चांगला मिळत होता, तरी दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूला ठिगळ लावत राहणे त्यांना पटेना.

मग त्यांनी पिस्टन रिंगचा धंदा काढला. रिंग ओतल्या खऱ्या, पण टोयोटाच्या तपासणीत पन्नासांपैकी अवघ्या तीन उतरल्या. धातूत काय कमी पडते हे कळेना, म्हणून तिशीतले होंडा कारखाना चालवता चालवता स्थानिक तंत्रशाळेत पोरांच्या मांडीला मांडी लावून बसले. हवे तेवढे ज्ञान घेतले, परीक्षेला मात्र बसले नाहीत, त्यामुळे पदविका मिळाली नाही. (परीक्षा जवळ आलेली असताना हे लिहिणे बरे नव्हे, पण चरित्र ते चरित्र.) रिंग सुधारल्या, धंदा वाढला. पुढे युद्ध आले, आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपाने उरलासुरला कारखाना झोपवला. जे हाती राहिले ते टोयोटाला साडेचार लाख येनला विकून होंडा वर्षभर स्वस्थ बसले.

युद्धानंतरचा जपान म्हणजे जळालेली शहरे, धान्याची टंचाई आणि माणसांनी खच्चून भरलेल्या आगगाड्या. होंडांच्या पत्नी साचीबाई धान्य मिळवण्यासाठी सायकलवरून लांबलांब जात. १९४६ साली एका मित्राकडे होंडांना जपानी लष्कराच्या बिनतारी यंत्राला वीज पुरवणारे एक लहानसे इंजिन दिसले. युद्ध संपल्यावर ते कोणाच्याच उपयोगाचे राहिले नव्हते. होंडांनी ते सायकलला जोडले. पेट्रोलची टाकी कशाची? तर थंडीत अंथरुणात ठेवायच्या गरम पाण्याच्या बाटलीची! ती घरातलीच, म्हणजे अर्थात साचीबाईंची. इंजिन आधी पुढे बसवून चाकावर घासणाऱ्या रुळाने गती द्यायचा प्रयत्न झाला, पण त्याने टायर झिजू लागले. तेव्हा पट्टा लावून मागचे चाक फिरवायचे ठरले. पहिल्यांदा भर बाजारातून ती सायकल चालवून दाखवली साचीबाईंनी. बाईमाणसाला जमते म्हणजे कोणालाही जमेल, अशी त्यात जाहिरात होती. चरित्रकार बाटलीबद्दल पुष्कळ लिहितात. मला विचाराल तर त्या फेरीचे श्रेय अधिक.

अशी जवळजवळ पाचशे इंजिने होंडांनी विकत घेतली आणि ती हां हां म्हणता संपली. मग १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचे ५० सी.सी.चे इंजिन केले. ताकद जेमतेम अर्धा अश्वशक्ती. आवाजावरून लोक या सायकलींना 'बाटाबाटा' म्हणत. २४ सप्टेंबर १९४८ रोजी दहा लाख येन भांडवल आणि ३४ कामगार यांच्यासह होंडा मोटर कंपनी उभी राहिली.

१९४९ ला 'ड्रीम' नावाची मोटारसायकल आली. तिला दोन गिअर होते आणि क्लचचा दांडा नव्हता. कल्पना उत्तम, पण खालचा गिअर टिकवायला पायाने पेडल दाबून धरावे लागे. लांब चढावर चालवणाऱ्याची काय गत होत असेल ती कल्पनाच करावी.

त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा आले, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला खरे चरित्र इथून सुरू होते असे वाटते. होंडांनी यंत्र पाहायचे आणि फुजिसावांनी पैसा, अशी वाटणी झाली. १९५२ साली सायकलला जोडायचे 'कब' इंजिन निघाले तेव्हा फुजिसावांनी देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक सायकल दुकानदारांना पत्रे धाडली. तेरा हजारांच्या आसपास दुकानदार तयार झाले. एका पत्राने विक्रेत्यांचे जाळे उभे राहिले! त्याच सुमारास भांडवलाच्या कितीतरी पट किमतीची परदेशी यंत्रे मागवल्यामुळे १९५४ ला कंपनी बुडता बुडता वाचली, तेव्हाही बँकेला सांभाळले ते फुजिसावांनीच.

ऑगस्ट १९५८ मध्ये 'सुपर कब' आली, किंमत ५५ हजार येन. सोबा म्हणजे शेवयांची ताटे एका हातावर तोलून घरोघर पोचवणाऱ्या पोऱ्याला दुसऱ्या हाताने ती चालवता आली पाहिजे, हा होंडांचा हट्ट. क्लच तर हातात नको, आणि गिअर तर तीन हवेत! याचे उत्तर मला आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मामांनी अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये समजावले. जत्रेतला पाळणा गरगर फिरू लागला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात ना, तशी क्लचमधली वजने इंजिनाचा वेग वाढताच बाहेर सरकतात आणि चकत्या आवळतात. वेग उतरला की चकत्या आपोआप सुटतात, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. गिअर बदलताना पायाच्या पेडलचा पहिला दाब क्लच सोडवतो आणि पुढचा दाब गिअर टाकतो. डावा हात मोकळाच. २०१७ साली या गाडीच्या उत्पादनाने दहा कोटींचा आकडा ओलांडला.

पण हाच हट्ट एकदा भलताच महाग पडला. मोटारीचे इंजिन पाण्याने नव्हे, हवेनेच थंड करायचे, यावर होंडा अडून बसले. १९६८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत कंपनीची तशी गाडी चालवायला जॉन सर्टीस यांनी नकार दिला. ती गाडी घेऊन उतरलेले जो श्लेसर अपघात होऊन जळून मरण पावले. तरीही होंडा मागे हटेनात, आणि रागाच्या भरात हाताखालच्या माणसांवर पाना फेकणाऱ्या या गृहस्थाला समजावणार कोण? शेवटी तरुण अभियंते फुजिसावांकडे गेले. तुम्ही कंपनीचे अध्यक्ष राहणार की अभियंता, असे फुजिसावांनी होंडांना सरळ विचारले. होंडांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याच्या इंजिनाला वाट मोकळी झाली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेचे कडक धूरनियम पाळून दाखवणारी 'सिव्हिक' निघाली ती पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावरच.

१९७३ साली दोघे एकदमच निवृत्त झाले. आपापल्या मुलाला गादीवर बसवले नाही. नंतर होंडा जपानभर हिंडून कामगारांशी हस्तांदोलन करीत सुटले. फुजिसावा १९८८ मध्ये गेले. होंडा ५ ऑगस्ट १९९१ रोजी यकृताच्या विकाराने वारले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नये, रस्त्यात वाहनांची कोंडी होऊन लोकांना त्रास होईल, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते, आणि ती काढली गेली नाही.