जेआरडी टाटा आणि आडवा वारा

१५ ऑक्टोबर १९३२ च्या दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईत जुहूच्या मैदानावर एक छोटे विमान उतरले. एकच इंजिन, सुमारे २५ किलो टपाल आणि चालवणारे २८ वर्षांचे जेआरडी टाटा. सकाळी ते कराचीहून निघाले होते. वाटेत अहमदाबादला इंधन भरले, ते डबे बैलगाडीतून आले होते. एअर इंडियाचा इतिहास इथूनच सुरू होतो.

जेआरडींचा जन्म १९०४ चा, पॅरिसमधला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांच्या घराशेजारी इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओंचे घर होते. विमानाचे वेड तिथेच लागले. १९२९ साली भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

त्यांचे 'पस मॉथ' हे विमान पुढच्या दोन चाकांवर आणि शेपटीवर टेकणारे होते. अशा विमानाचा भार चाकांच्या मागे असतो. ते तिरके टेकले, तर शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान जमिनीवरच गिरकी घेते. आडवा वारा नेमके हेच घडवतो. त्यावर उपाय असा: वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली करायचा, विरुद्ध पायाने रडर दाबून नाक सरळ ठेवायचे आणि वाऱ्याकडचे चाक आधी टेकवायचे.

त्या काळी एक सोय मात्र होती. विमानतळ म्हणजे बहुधा मोकळे मैदान. वाऱ्याची दिशा पाहायची आणि त्याच्या समोर तोंड करून उतरायचे. जुहूची अडचण वेगळीच होती, पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई. मग टाटांची विमानसेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलवली जाई.

पुढे विमाने जड झाली, त्यांना पक्की धावपट्टी लागू लागली. धावपट्टी काही वाऱ्याबरोबर वळत नाही! एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ घेतले, तेव्हा अध्यक्ष जेआरडीच होते. या विमानाची चारही इंजिने पंखांखाली लटकलेली. पंख जास्त झुकवला तर इंजिन जमिनीला घासेल. म्हणून मोठे विमान नाक वाऱ्याकडे वळवून, खेकड्यासारखे तिरके खाली येते. चाके टेकण्याच्या बेताला वैमानिक रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. आधी केले तर वारा विमानाला बाजूला ढकलतो, उशीर झाला तर सगळा ताण चाकांवर येतो. खिडकीतून पाहणाऱ्याला भीती वाटते, पण ते तिरके येणे हीच नीट चाललेल्या उतरण्याची खूण असते.

१९७८ मध्ये सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. हे त्यांना फार लागले. पण उडणे सुटले नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी 'लेपर्ड मॉथ' हे तसेच एका इंजिनाचे जुने विमान कराचीहून स्वतः चालवत आणले आणि पुन्हा जुहूलाच उतरवले. आता तिथे चिखलाचे मैदान नव्हते, पक्क्या धावपट्ट्या होत्या.