शेवटच्या टप्प्यात सारी ताकद

कर्करोगावरील प्रोटॉन उपचारांचा पाया १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियात घातला गेला. तो घालणारे विल्यम हेन्री ब्रॅग डॉक्टर नव्हते. २ जुलै १८६२ रोजी इंग्लंडमधील कंबरलंड परगण्यात जन्मलेले ब्रॅग केंब्रिजला गणित शिकले आणि २३व्या वर्षी अॅडलेड विद्यापीठात गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भौतिकशास्त्राचे ज्ञान बेताचेच होते. त्याची पुस्तके त्यांनी आगबोटीच्या प्रवासात वाचून काढली.

पुढची सुमारे अठरा वर्षे शिकवण्यात गेली. प्रयोगशाळेत साधने नव्हती, म्हणून कारागिराकडे काम शिकून त्यांनी ती स्वतः बनवली. १८९६ मध्ये मुलाच्या मोडलेल्या कोपराचा क्ष-किरणांनी फोटोही काढला. मात्र नाव घ्यावे असे संशोधन हातून झाले नव्हते.

१९०४ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिनच्या विज्ञान परिषदेसाठी भाषण तयार करताना त्यांना प्रश्न पडला: रेडियममधून सुटलेले अल्फा कण पदार्थात थांबतात कसे? रेडियम मिळवून रिचर्ड क्लीमन या सहायकासह त्यांनी मोजमाप सुरू केले. प्रकाशाप्रमाणे हे कण हळूहळू विरळ होत नाहीत. हवेत काही सेंटिमीटर जाऊन ते एकदम थांबतात, आणि थांबण्याच्या जरा आधीच सर्वाधिक ऊर्जा सोडतात. वेगवान कण अणूंजवळून झटकन निघून जातो. वेग मंदावला की त्याचा प्रत्येक अणूवर जास्त वेळ प्रभाव पडतो. ऊर्जेच्या या शेवटच्या उसळीला आज ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. तेव्हा ब्रॅग यांची चाळिशी उलटली होती.

१९०९ मध्ये ते इंग्लंडला परतले. सैंधवासारख्या स्फटिकांच्या पृष्ठभागावर क्ष-किरण तिरपे पाडून आतील अणूंची मांडणी ओळखण्याच्या कामासाठी १९१५ चे नोबेल त्यांना आणि मुलगा लॉरेन्सला मिळाले. त्याच वर्षी धाकटा मुलगा रॉबर्ट गॅलिपोलीच्या युद्धात मारला गेला.

१२ मार्च १९४२ रोजी ब्रॅग यांचे निधन झाले. चार वर्षांनी रॉबर्ट विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने सुचवले की, प्रोटॉनचा वेग नेमका ठरवला तर हे शिखर गाठीवरच आणता येईल. वाटेतील निरोगी पेशींना कमी मार बसेल आणि गाठीपलीकडच्या पेशी जवळजवळ वाचतील. मेंदूजवळच्या किंवा लहान मुलांच्या गाठींमध्ये याचे मोल मोठे आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्रात चालणारे प्रोटॉन उपचारही याच तत्त्वावर उभे आहेत.